यादीतले घर शोधताना : सर्वेक्षकांचे अनुभव

नमुना पाहणीत एकदा निवडले गेलेले घर सोयीसाठी बदलता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ आणि २०१९-२१ या फेऱ्यांमध्ये निवडलेल्या प्रत्येक गावातून किंवा शहरी गटातून, घरयादी करून झाल्यावर, २२ कुटुंबे निवडली जात. दाराला कुलूप दिसले म्हणून शेजारचे घर घेण्याची मुभा नव्हती. कुलूप बहुधा कामावर गेलेल्यांच्या दाराला असते. त्यांना वगळले, तर आकडे दिवसभर घरी असणाऱ्यांच्या बाजूने झुकतात. म्हणूनच न सापडणारे घर कसे सापडले, हे अशी कामे केलेल्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

रत्नागिरी जिल्ह्यात घरयादी केलेले सर्वेक्षक
आमच्या भागात अख्ख्या वाडीचे आडनाव एकच असते आणि कागदावरचे नाव फक्त शाळेच्या दाखल्यापुरते उरलेले असते. त्यामुळे नुसते नाव विचारून उपयोग होत नाही. वरच्या घरातले की खालच्या घरातले, वडिलांना वाडीत काय म्हणत, असे विचारले की कोणीतरी पाखाडीपर्यंत सोबत येते. यादी करतानाच मी कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे हाकेचे नाव आणि ‘विहिरीच्या वर, चिऱ्याचे घर, मागे फणस’ अशी खूण लिहीत असे. नंतर मुलाखतीला येणारी माणसे वेगळी असतात, त्यांना याच ओळीचा आधार असतो.

जनगणनेचे काम केलेल्या शिक्षिका
२०१०च्या घरयादीच्या वेळी आम्हाला गटाचा नजरी नकाशा काढावा लागला. पक्क्या इमारतीसाठी चौकोन, कच्च्यासाठी त्रिकोण, राहती नसेल तर आत तिरक्या रेघा. क्रमांक शक्यतो वायव्य कोपऱ्यापासून सुरू करायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण फेब्रुवारी २०११मध्ये प्रत्यक्ष गणनेसाठी फिरताना दारावरचे क्रमांक कुठे पावसाने, कुठे नव्या रंगाने गेलेले होते, आणि वाट दाखवली ती नकाशानेच. मंदिर, पिण्याच्या पाण्याची टाकी, शाळेची भिंत अशा सहसा न हलणाऱ्या खुणा नकाशात अवश्य घ्याव्यात. दुकानाच्या पाटीवर विसंबू नये.

मुंबईतील वस्त्यांमध्ये मुलाखती घेणारी कार्यकर्ती
वस्तीत घर हरवते ते बहुतेक वेळा उभ्या दिशेने. यादी झाली तेव्हा एक खोली असते. मुलाखतीपर्यंत तिच्यावर माळा चढतो, बाहेरून लोखंडी शिडी लागते आणि वर भाडेकरू राहायला येतात. खाली विचारले तर ‘इथे आम्हीच राहतो’ हेच उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते. म्हणून मी दारापेक्षा आधी गल्लीच्या तोंडाशी एकत्र बसवलेले विजेचे मीटर पाहते, कारण त्यांवर बरेचदा रंगाने खोली क्रमांक किंवा नाव लिहिलेले असते. त्यानंतर आशाताई, किराणा दुकानदार आणि गॅसचे सिलिंडर पोहोचवणारा मुलगा. सर्वांत भरवशाची वेळ मात्र नळाला पाणी येण्याची. तेव्हा प्रत्येक घरातले कोणी ना कोणी हंड्यांपाशी असते, आणि एका नावावर तिघी बोलतात. त्या घाईत मुलाखत घ्यायची नाही, फक्त घर कळून घ्यायचे आणि भेटीची वेळ ठरवायची.

येथे एक पथ्य मला फार महत्त्वाचे वाटते. आरोग्य पाहणीत काही स्त्रियांना घरातील मारहाणीविषयीही विचारले जाते. अशा वेळी शेजाऱ्यांना नाव सांगावे, ‘आरोग्याच्या पाहणीसाठी आलो आहोत’ एवढेच म्हणावे आणि तिथेच थांबावे. घर सापडावे म्हणून त्या बाईच्या घराकडे वस्तीचे लक्ष वेधणे मला कधीच मान्य होणार नाही.

पुण्यातून
मोठ्या सोसायट्यांमध्ये पत्ता अचूक असतो, प्रवेश अवघड. आधी सचिवांना अधिकृत पत्र आणि ओळखपत्र दाखवावे, मग फाटकावरचा सुरक्षारक्षक इंटरकॉम लावून देतो. संध्याकाळी किंवा रविवारी गेलेले बरे.

बीड जिल्ह्यात पर्यवेक्षक म्हणून काम केलेले
दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या तांड्यावर घर सापडते, माणूस सापडत नाही. मग कुलपाचा अर्थ लावावा लागतो. कुटुंब शेतात गेले असेल तर ‘भेटीच्या वेळी घरी कोणी नाही’, कारखान्यावर गेले असेल तर ‘संपूर्ण कुटुंब दीर्घकाळ बाहेर’, आणि कायमचे गेले असेल तर ‘घर रिकामे’. या तिन्ही नोंदी वेगळ्या आहेत आणि पहिल्या नोंदीच्या घरी पुन्हा जावेच लागते. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना ‘कधी गेले’ याबरोबरच ‘कोणाकोणाला नेले’ हेही विचारावे. शाळेसाठी मुले आजीपाशी ठेवलेली असतील आणि त्यांची चूल त्याच घरात पेटत असेल, तर बाहेरच्या दाराचे कुलूप पाहून ते घर बंद ठरवता येत नाही. तिथे राहणारे कुटुंब आहे आणि त्या आजीची मुलाखत घ्यायची आहे.