डार्नल्डला सोडून व्हायकिंग्जनी चूकच केली: क्वार्टरबॅक पारखायचा कसा?

चौथा_डाउन

२०२५ चा मे महिना संपत आलाय, एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची क्रमाने निवड, होऊन गेला, करार संपलेल्या फ्री एजंटांचा बाजारही उठला. आता शांतपणे बोलता येईल म्हणून हा धागा.

मार्चमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जनी आपला क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) सॅम डार्नल्ड याला जाऊ दिलं. सिॲटल सीहॉक्सनी त्याला तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाख डॉलरना घेतलं. व्हायकिंग्जची सूत्रं आता जे. जे. मॅकार्थीच्या हातात. हा २०२४ च्या ड्राफ्टमधला दहावा खेळाडू. गेल्या ऑगस्टमध्ये सरावसामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि अख्खा हंगाम गेला. एनएफएलच्या खऱ्या सामन्यात त्याने अजून एकही पास फेकलेला नाही. बऱ्याच जाणकारांनी या व्यवहाराला शहाणपण म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही.

२०१८ चा ड्राफ्ट आठवा. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफिल्ड पहिला, डार्नल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा आणि लमार जॅक्सन थेट ३२ वा. रोझनचा पास सगळ्यात घोटीव मानला जायचा. ॲरिझोनाने एका हंगामात त्याला मायामीकडे धाडलं. ॲलनचे वायोमिंगमध्ये जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण होत, पहिल्या वर्षी एनएफएलमध्ये तर ५३ टक्केसुद्धा नाहीत. २०२० साली तोच माणूस ६९ टक्क्यांवर गेला आणि २०२४ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला. लमारने रिसीव्हर (पास झेलणारा) व्हावं असं माजी संघ-व्यवस्थापक बिल पोलियनसारखा मुरलेला माणूस जाहीरपणे सांगत होता. लमारकडे आज दोन एमव्हीपी आहेत.

बफेलोने ॲलनला चार वर्षं एकच कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) दिला, ब्रायन डॅबॉल. २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आणून दिला. बाल्टिमोरने लमारला बदलण्याऐवजी आपलं सगळं आक्रमण त्याच्याभोवती नव्याने रचलं. आणि डार्नल्डला ड्राफ्टमध्ये घेणाऱ्या न्यू यॉर्क जेट्सनी त्याला काय दिलं? पहिल्या वर्षानंतर प्रशिक्षकाची हकालपट्टी, मग ॲडम गेजची दोन वर्षं. ड्राफ्टआधी आपण पोराची उंची मोजतो, पंजा मोजतो, चाळीस यार्डांची धाव मोजतो. तो ज्या घरात जाऊन पडणार ते घर कुणी मोजत नाही, आणि म्हणून हे अंदाज इतके फसतात.

व्हायकिंग्जकडे ही अडचणच नव्हती. डार्नल्ड त्यांनी २०२४ मध्ये स्वतःच्या घरात, स्वतःच्या पद्धतीत सतरा सामने पाहिला होता. पासचे ४,३१९ यार्ड, ३५ टचडाउन (चेंडू अंतिम रेषेपार पोचवणं), १४ विजय. याच्यापेक्षा भक्कम पुरावा या धंद्यात मिळत नाही. तो सोडून त्यांनी कोणाला धरलं? मिशिगनचा मॅकार्थी गुणी आहे, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून आलाय, पण २०२३ च्या पेन स्टेटविरुद्धच्या मोठ्या सामन्यात त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला आठच पास टाकू दिले. आठ! बाकी सगळं धावून जिंकलं. एवढ्यावरून नेमकं काय पारखलं?

कॅपचा_हिशेब

मांडणी चांगली आहे, पण तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतो. क्वार्टरबॅक घडतो की बिघडतो हे घरावर अवलंबून असेल, तर डार्नल्डचे ३५ टचडाउन अर्धेअधिक प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल आणि रिसीव्हर जस्टिन जेफरसनचे. ते घर तर मिनेसोटातच राहिलं! डार्नल्ड ते सिॲटलला घेऊन गेला नाही. मग व्हायकिंग्जनी त्याच घरात जास्त स्वस्त माणूस का बसवू नये?

आणि स्वस्त म्हणजे किती ते पाहा. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ७ कोटी ८० लाखांचा करार मिळाला, त्यातल्या ५ कोटींची हमी. २०११ च्या कामगार करारात नवोदितांचे पगार बांधले गेले, आणि त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. मॅकार्थीचा करारही साधारण तेवढ्याच रकमेचा आहे, तोही तेरा वर्षांनंतर! दरम्यान सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) २०२५ साली २७ कोटी ९२ लाखांवर पोचली. कॉलेजचा क्वार्टरबॅक पारखताना संघ फक्त 'हा किती चांगला' असं विचारत नाहीत, 'हा या किमतीत किती चांगला' असं विचारतात. वाचलेल्या पैशात व्हायकिंग्जनी क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या फळीसाठी सेंटर रायन केली आणली, गार्ड विल फ्राइजला पाच वर्षांसाठी ८ कोटी ७० लाखांच्या वर मोजले, बचावात जोनाथन ॲलन आणि जॅव्हॉन हारग्रेव्ह घेतले.

लाइनमन_७२

कॅपचा_हिशेब, एक दुरुस्ती: "रायन केली आणली" नव्हे, "आणला". बाप्या माणूस आहे तो, इंडियानापोलिसचा तगडा सेंटर. 🙂 बाकी मुद्दा पटला. रॅम्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरी) डार्नल्ड नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला. त्याच फळीतला डावा टॅकल डॅरिसॉ ऑक्टोबरपासूनच जायबंदी होता आणि आतली फळी कोसळली होती. ती बांधणं सगळ्यात तातडीचं होतं.

जर्सीकरीण

मी जेट्सची चाहती, त्यामुळे डार्नल्डची तीन वर्षं रविवारमागून रविवार पाहिली आहेत. चौथा_डाउन, तुम्ही सगळा दोष घरावर ढकलताय आणि तिथेच माझा विरोध आहे. घर वाईटच होतं, ॲडम गेजची बाजू मी कधीच घेणार नाही. पण काही खोडी पोरगा कॉलेजातूनच घेऊन येतो, आणि नीट पाहिलं तर त्या तिथेच दिसतात.

यूएससीमध्ये (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २०१७ साली डार्नल्डचे १३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होते, हातून सुटलेले चेंडू वेगळेच. पॉकेट (फळीने त्याच्याभोवती राखलेली जागा) मोडलं की तो चेंडू धरून ठेवायचा आणि काहीतरी अचाट करायला जायचा. कधी ते जमायचं, त्याचेच व्हिडिओ फिरायचे. आता लाइनमन म्हणतात त्या नऊ सॅकचं चित्रण पुन्हा पाहा. फळी मोडली होती हे मान्य, पण त्यातले काही सॅक असे होते की रिसीव्हर मोकळा आणि चेंडू हातातच. आदल्या आठवड्यात डेट्रॉइटला ९–३१ असा पराभव झाला, तिथेही शेवटच्या टप्प्यात येऊन तो चुकत राहिला. हंगामातले सगळ्यात मोठे दोन सामने आणि दोन्हींत मिळून १८ गुण.

सॅक हा फळीचा आकडा आहे असं आपण समजतो. माझ्या मते तो बराचसा क्वार्टरबॅकचाच आकडा आहे, आणि कॉलेजातून एनएफएलमध्ये त्याच्याबरोबर जो काही थोडा ऐवज तसाच्या तसा येतो त्यातला एक. क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सचंच घ्या. गेल्या हंगामात कोलोरॅडोत ७४ टक्के पास पूर्ण. एवढ्यावरून लोक त्याला पहिल्या फेरीत पाहत होते. पण तोच पोरगा ४२ वेळा सॅक झाला. एप्रिलमध्ये घसरत घसरत पाचव्या फेरीत १४४ वा गेला, तेही क्लीव्हलंडने तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन झाल्यावर. लोकांनी नामवंत वडिलांचं नाव, मुलाखती, काय काय कारणं सांगितली. असतीलही. मला त्या ४२ मध्ये बरंच उत्तर दिसतं.

पहाटेचा_प्रेक्षक

पुण्यातून. तो रॅम्सचा सामना आमच्याकडे संक्रांतीच्या सकाळी साडेसहाला सुरू झाला होता, नऊच्या नऊ सॅक पाहिलेत.

मला चौथा_डाउन आणि जर्सीकरीण दोघांचंही अर्धंच पटतं. घर मोजता येत नाही हे खरं नाही. ट्रान्स्फर पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आल्यापासून कॉलेजचे क्वार्टरबॅक घरं बदलतात, आणि एकच पोरगा दोन-तीन ठिकाणी पाहायला मिळतो. जेडन डॅनियल्स ॲरिझोना स्टेटमध्ये साधा वाटायचा, एलएसयूमध्ये (लुइझियाना स्टेट) हाइझमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, जिंकला, आणि वॉशिंग्टनला पहिल्याच वर्षी १२ विजय मिळवून दिले. यंदाच्या ड्राफ्टमधला पहिला, कॅम वॉर्ड: इन्कार्नेट वर्ड, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी विद्यापीठ. तिन्हीकडे मुख्य प्रशिक्षक वेगळे, सोबती वेगळे, आणि प्रत्येक ठिकाणी तो वरच सरकला. टेनेसीने त्याला घेताना हा पुरावा समोर होता. जेलन हर्ट्स तर अलाबामात राष्ट्रीय अंतिम सामन्याच्या मध्यंतराला बाकावर बसवला गेला होता. ओक्लाहोमाला जाऊन दुसऱ्यांदा उभा राहिला. तरी ५३ वा गेला आणि या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) जिंकला.

आयपीएलच्या लिलावात रणजीचा फलंदाज घेताना निदान खेळपट्टी बावीस यार्डांचीच असते. इथे कॉलेजच्या मैदानावरचे हॅशसुद्धा (ज्यांच्या दरम्यान डाव सुरू होतो त्या खुणांच्या दोन ओळी) ४० फूट अंतरावर, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात एका बाजूला भलंमोठं मोकळं रान मिळतं. शिवाय कित्येक संघांत कुठे पास टाकायचा हे डाव सुरू होण्याआधीच कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने ठरवलेलं असतं. अशा खेळात एकाच कॉलेजातले आकडे फसवे, दोन ठिकाणचे कमी फसवे. मॅकार्थीची अडचण हीच. तो फक्त मिशिगनला होता, आणि तिथे त्याच्यावर सामना सोपवायची वेळ फारशी आलीच नाही.

मिनेसोटाकर

इथे मिनीॲपोलिसमध्ये घरोघरी हाच वाद चाललाय, मराठी मंडळाच्या पाडव्यालासुद्धा!

चौथा_डाउन, वर्षभर मागे जा. मार्च २०२४ मध्ये आम्ही कर्क कझिन्सला असंच जाऊ दिलं. तेव्हाही "हातातला सिद्ध माणूस सोडला" अशीच ओरड होती. अटलांटाने त्याला चार वर्षांचे १८ कोटी देऊ केले, १० कोटींची हमी. लगेच ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक मायकल पेनिक्स घेतला, आणि डिसेंबरात कझिन्स बाकावर. रसेल विल्सनला सोडताना डेन्व्हरच्या कॅपवर ८ कोटी ५० लाखांचं ओझं आलं. डेशॉन वॉटसनसाठी क्लीव्हलंडने तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दिले आणि वर २३ कोटींची पूर्ण हमी. सिद्ध क्वार्टरबॅक चुकला की पाच वर्षं संघ उठत नाही. नवोदित चुकला तर तिसऱ्या वर्षी दुसरा घेता येतो.

फ्री एजंटमध्ये फायदा होतो तो बाजाराने ज्याला चुकीच्या जागी पाहिलंय त्याच्यात. ईगल्सनी झॅक बॉनला एका वर्षासाठी ३५ लाखांत आणलं, न्यू ऑर्लिन्समध्ये तो बचावात कडेवरून क्वार्टरबॅकवर धावून जायचा आणि स्पेशल टीममध्ये (किकच्या वेळचा संघ) असायचा. फिलाडेल्फियाने त्याला आत आणून लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या रांगेतला खेळाडू) केलं आणि त्याच हंगामात तो ऑल-प्रो (लीगच्या निवडक सर्वोत्तम संघात). मेफिल्ड टँपाला असाच आला, ४० लाखांत. आम्ही डार्नल्डला आणलं तेही असंच, १ कोटीत. मार्च २०२५ मध्ये मात्र तो ओळखीचा झाला होता, आणि ओळखीच्या माणसाचा पूर्ण भाव द्यावा लागतो.

चौथा_डाउन

मिनेसोटाकर, विल्सन, वॉटसन, कझिन्स ही तिन्ही उदाहरणं परक्या घरातून आणलेल्या माणसांची आहेत. मी म्हणतोय ते बरोबर उलट. आपल्या घरात जमलेला माणूस ठेवावा. याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सनी आपला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याला पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख दिले. २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू. कॉलेजची पारख काय म्हणत होती हे त्यांनी बाजूला ठेवलं आणि डोळ्यांसमोर जे घडलं त्याला किंमत दिली.

कॅपचा_हिशेब, घर मिनेसोटातच राहिलं हा तुमचा घाव वर्मी लागणारा आहे, पण पूर्ण नाही. डार्नल्ड २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पर्डीच्या मागे वर्षभर बसून शिकला. तेव्हा तिथल्या पासिंगचं काम पाहणारा क्लिंट क्युबिएक २०२५ मध्ये सिॲटलचा कोऑर्डिनेटर झाला. म्हणजे सिॲटलने माणूस घेतला आणि त्याला ओळखीची पद्धतही ठेवली. आणि व्हायकिंग्जपुढे फ्रँचायझी टॅगचा (ठरलेल्या रकमेत खेळाडूला एक वर्ष राखून ठेवायचा संघाचा हक्क) मार्ग होता. एका वर्षाचे सुमारे ४ कोटी, पुढची बांधिलकी काही नाही. मॅकार्थीला गुडघा बरा करायला आणि शिकायला वर्ष मिळालं असतं.

कॅपचा_हिशेब

टॅग लावला असता तर ते ४ कोटी पूर्णच्या पूर्ण यंदाच्याच कॅपवर बसले असते. मग फ्राइज, केली, ॲलन, हारग्रेव्ह यातले निदान दोघं गेले असते. म्हणजे त्याच कोसळणाऱ्या फळीमागे तोच चेंडू धरून ठेवणारा क्वार्टरबॅक.

आणि शिकायचं वर्ष मॅकार्थीला मिळालंच की. दुखापतीमुळे का होईना, वर्षभर तो ओकॉनेलच्या बैठकांत बसलाय. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे असाच बसला होता, हंगामात एकच सामना खेळला.

जर्सीकरीण

महोम्स सरावात रोज चेंडू फेकत होता, मॅकार्थी कुबड्यांवर होता. एवढा फरक तरी ठेवा.

मी डार्नल्डच्या बाजूची नाही हे वर लिहिलंच आहे. पण व्हायकिंग्ज बरोबर म्हणून मॅकार्थी तयार, असं होत नाही. साधारण पंधरा आठवड्यांनी, ८ सप्टेंबरच्या सोमवारी, शिकागोत बेअर्सविरुद्ध त्यांचा पहिला सामना आहे. माझं लक्ष टचडाउनवर नसेल. तिसरा डाउन (चार प्रयत्नांतला तिसरा), आठ यार्ड हवेत, पहिला रिसीव्हर झाकलेला, समोरून माणूस अंगावर येतोय. तेव्हा चेंडू किती लवकर हातातून सुटतो ते पाहणार. मिशिगनने हे त्याला फारसं करूच दिलं नाही, त्यामुळे ते ना ओकॉनेलला ठाऊक आहे ना आपल्याला.

चौथा_डाउन

तेच तर. आणि डार्नल्डच्या बाबतीत ते ठाऊक होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही.