मदत हवी आहे: नॉरफोकमध्ये गीज (रानहंस) कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी. इंग्लंडात नॉरफोकच्या आसपास राहणारं कुणी पक्षीवेडं आहे का इथे?

सासू-सासरे जानेवारीत नाशिकहून येताहेत. दोघंही नांदूर मध्यमेश्वरला नेमाने जाणारे (२०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, हे आल्यागेल्याला ऐकवणारे!), त्यामुळे नुसता समुद्रकिनारा दाखवून भागणार नाही. आइसलँड-ग्रीनलँडहून हिवाळ्याला येणारे पिंक-फूटेड गीज त्यांना पहाटे हजारोंनी उडताना बघायचेत.

सगळे स्नेटिशमचं पक्षी अभयारण्य सुचवतात. पण तिथे गाडी लावून बरंच चालावं लागतं, बाबांचा गुडघा दुखतो आणि वॉशच्या खाडीवरचा वारा हाडं गोठवतो. शिवाय पौर्णिमेच्या आसपास गीज चांदण्यात रात्रीही चरतात, त्यामुळे पहाटेचं उड्डाण हमखास मिळत नाही. नॉट या किनारी पक्ष्यांचे थवे बघायचे असतील तर मोठी भरती उजेडात यायला हवी. थोडक्यात, कॅलेंडर आणि भरतीचं वेळापत्रक दोन्ही घेऊन बसलेय.

होल्कमला लेडी अ‍ॅन्स ड्राइव्ह या रस्त्यावर गाडीत बसून गीज नीट दिसतात का? शुगर बीट काढलेल्या शेतांत ते चरतात, तर रस्त्याकडेला थांबायला सुरक्षित जागा कुठली? वेल्नीच्या पाणथळ केंद्रात वूपर स्वान (हंस) बघायला हीटर असलेली खोली आहे, पण दुपारी पोचावं की अंधार पडताना?

आणखी एक. घुबड दिसलं तर ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नेमकी जागा टाकू की नको? गर्दी होऊन त्याला त्रास होऊ नये म्हणून नाशिकला आम्ही टाकत नाही.