गव्हात टोके झालेत, पाला असूनही!

बी-२०४: कोठीत कडुनिंबाचा पाला होता तरी गव्हात टोके झालेत. एकीने सांगितलं, धान्यात टाकायची गोळी मिळते ती कापडात बांधून ठेव. ठेवू का?

ए-१०१: ताई, अजिबात नको! ती ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असली तर हवेतल्या ओलाव्यानेच फॉस्फिन वायू सुटतो. बंद घरात त्याने माणसं दगावतात. आणली नाहीत ना?

बी-२०४: नाही काका, आधी इथेच विचारलं.

ए-१०१: बरं केलंत. पाला कधी घातला होता?

बी-२०४: टोके दिसल्यावर.

ए-१०१: तिथेच चुकलं. टोक्याची, म्हणजे सोंडकिड्याची, मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. अळी आतच दाणा खात वाढते. पाला तिथवर पोचणार कसा? कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणं टाळते, अळीला नीट कात टाकता येत नाही, पण हे सगळं दाण्याबाहेरच्या किडीला. म्हणून पाला धान्य भरतानाच घालायचा, थराथराने.

सी-३०३: आणि सावलीत वाळवून हं. मी एकदा ओलसर घातला, वरच्या थराला बुरशी धरली. उन्हातही वाळवू नका, कस जातो.

डी-४०२: काकू, माझ्या मुगावर पांढरे ठिपके आहेत, ते काय?

सी-३०३: भुंग्याची अंडी. तो दाण्यावर बाहेरून चिकटवतो, म्हणून कडधान्याला तेल चोळायचं. किलोला ५ मिली खाद्यतेल, म्हणजे चहाचा एक चमचा, प्रत्येक दाण्याला लागेल असं. अंड्याला हवाच मिळत नाही. पण ठिपके दिसायच्या आधी चोळलेलं केव्हाही चांगलं, अळी आत शिरली की तेलाचा फारसा उपयोग नाही.

डी-४०२: वेखंडाची पूड चालेल?

ए-१०१: बियाण्याला ठीक. खायच्या धान्यात मी मिसळणार नाही, त्यातलं बीटा-असारोन हे रसायन पोटात जायला नको. बिब्बेही नकोत, त्यांच्या तेलाने कातडीवर फोड येतात, घरात लहान मुलं असतात.

बी-२०४: मग आत्ताच्या गव्हाचं काय करू?

सी-३०३: चाळा, पाखडा, मग फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ४ दिवस ठेवा, आतल्या अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटेल. तोवर कोठीच्या फटींतलं जुनं पीठ खरवडून काढा, कीड तिथेच दबा धरून बसते.

बी-२०४: एका वेळी चारच किलो मावतील.

सी-३०३: चार-चार करून काढा.