माफी दिली, मग केसचं काय?
एकाने विचारलंय, भावाला माफ केलं तर जमिनीची केसही मागे घ्यायची का? माझ्या मते, तसं बंधन नाही. येशूने आपला शिष्य पेत्र याला ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करायला सांगितलं, सातबारा सोडून द्यायला नाही! ओडिशात १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळलं. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला तरी चाललाच, आणि मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली.

इथे नाशिकला, शरणपूरकडचे असेच दोन भाऊ माझ्या ओळखीचे आहेत. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडल्याची, म्हणजे इतरांना क्षमा केल्याची ओळ आली की थोरला नुसते ओठ हलवतो. (निदान खोटं तरी बोलत नाही.) धाकट्याने मात्र थोरल्याच्या आजारपणात रोज डबा पोचवला. कोर्टाच्या तारखाही चुकवल्या नाहीत.