खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर : कधी जावं, किती वेळ ठेवावा?

रेवा_कोथरूड
नमस्कार. दिवाळीनंतर कोल्हापूरला मुक्काम आहे, त्यातला एक दिवस खिद्रापूरसाठी ठेवलाय. सोबत सत्तरीतले सासू-सासरे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, उंच पायऱ्या जमत नाहीत. वाट कोणती बरी? त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री छताच्या गोल झरोक्यातून चांदणं बरोबर खालच्या शिळेवर पडतं म्हणतात, मग तेव्हाच जावं का? आणि गाइड नसेल तर नेमकं काय पाहायचं?

शिरोळचा_वाटसरू
ताई, कोल्हापूरहून साधारण ६० किमी पडतं. जयसिंगपूर, शिरोळ, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड आणि तिथून अकिवाटमार्गे खिद्रापूर. अंतर बघून तासाभराचा हिशेब धरू नका. कुरुंदवाडनंतर रस्ता अरुंद होतो आणि तुम्ही जाल तेव्हा ऊसतोड सुरू असेल. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे-पुढे असतात, त्यांना ओलांडायची घाई नको. अंधारात बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, म्हणून उजेडातच परत कुरुंदवाडला या.

एसटीने जायचं तर जयसिंगपूर किंवा मिरजेपर्यंत रेल्वे, पुढे कुरुंदवाड. खिद्रापूरच्या गाड्या मोजक्या आहेत. कुरुंदवाड स्टँडवर चढतानाच परतीची वेळ विचारून घ्या. गावात जेवणाची सोय गृहीत धरू नका. वाडीला दुपारचा महाप्रसाद असतो, तो सोयीचा पडतो. कवठाची बर्फीही तिथलीच घ्या.

शिल्पवेडा
दोन तास तरी हवेतच. बहुतेक लोक थेट गाभाऱ्यात जाऊन वीस मिनिटांत बाहेर येतात आणि मंदिराचं अर्धं वैभव बघायचंच राहतं.

नऊ-साडेनऊला पोहोचा. मंदिर पूर्वाभिमुख आहे. सकाळचं तिरकं ऊन आधी पूर्वेच्या बाजूवर आणि मग दक्षिण भिंतीवर घासून जातं, तेव्हा कोरीव कामाची खोली दिसते. म्हणून आधी बाहेरून प्रदक्षिणा करा. खाली गजपीठ आहे, नव्वदीच्या वर हत्ती आहेत आणि त्यांच्या पाठीवर देवता. भराभर चालत गेलात तर सगळे हत्ती एकसारखे वाटतील. एकेका हत्तीची झूल, गळ्यातली माळ, सोंडेची ठेवण बघा, प्रत्येकाचा कारागिराने वेगळा विचार केलाय. दक्षिण दरवाज्याजवळ यादव राजा सिंघण दुसरा याचा देवनागरीतला संस्कृत लेख आहे. इथले बाकीचे लेख कन्नड आहेत. अक्षरं उठून दिसावीत म्हणून त्यावर खडू, पीठ किंवा पाणी कृपा करून लावू नका, मोबाइलचा टॉर्च बाजूने धरला तरी वाचता येतं.

मग अकराच्या सुमारास स्वर्गमंडपात या. छताला सुमारे १३ फूट व्यासाचं गोल मोकळं आभाळ आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल अखंड शिळा. सभोवती आतल्या वर्तुळात १२ खांब, मंडपाचे एकूण ४८. मधल्या शिळेजवळ उभं राहून वर बघा : छताच्या कडेला अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर आहेत. छोटी दुर्बीण असेल तर आवर्जून न्या. फोटो काढताना फोनवर आभाळाला नव्हे, दगडाला टच करून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कोरीव काम काळं येतं.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. कोपेश्वर म्हणजे शंकर आणि धोपेश्वर म्हणजे विष्णू. सतीच्या देहत्यागानंतर कोपलेल्या शिवाला विष्णूने शांत केलं, अशी कथा आहे. समोर नंदी नाही, तो कृष्णाकाठच्या यडूरला आहे असं सांगतात. आत जाताना दोन मिनिटं थांबून डोळे अंधाराला सरावू द्या. अभिषेकाच्या पाण्याने फरशी निसरडी असते आणि उंबरे उंच आहेत. सासूबाईंना दोन्ही बाजूंनी आधार लागेल. तेवढंही जमत नसेल तर स्वर्गमंडपाच्या पुढे नेण्याचा आग्रह धरू नका.

खगोल_कट्टा
पौर्णिमेबद्दल. खिद्रापूरचा अक्षांश साधारण साडेसोळा अंश उत्तर. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २१ अंश असतो, म्हणून त्याच्या समोरचा पूर्ण चंद्र जवळपास तेवढाच उत्तरेला, म्हणजे मध्यरात्री खिद्रापूरच्या जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणूनच चांदण्याचं वर्तुळ खालच्या शिळेवर उतरतं. पण चंद्राची कक्षा ५ अंश कललेली आहे, त्यामुळे ते दरवर्षी तंतोतंत जुळत नाही, थोडं उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतं. वेळही नेमकी बाराची नसते, साधारण बारा ते पाऊणच्या दरम्यान धरा.

मार्गशीर्ष-पौषातल्या पौर्णिमेलाही चंद्र फार लांब नसतो, मात्र तेव्हा रात्री मंदिर उघडं असेल असं समजू नका.

रेवा_कोथरूड
खूप आभार सगळ्यांचे! मग ज्येष्ठांना घेऊन त्रिपुरीच्या रात्री जावं की नाही?

शिरोळचा_वाटसरू
नको. दीपोत्सवाला मोठी गर्दी होते, खांबांमधून सरकायला जागा नसते, आणि तेल सांडलेल्या दगडावर म्हातारं माणूस घसरलं तर तिथून दवाखाना गाठेपर्यंत वेळ जातो. शिवाय नोव्हेंबरात ढग आले तर चंद्र दिसतच नाही. सोमवार आणि सुट्टीचा दिवसही टाळा, मधल्या वारी या.

शिल्पवेडा
सहमत. भर पडेल अशा दोन गोष्टी : चपला बाहेर काढायच्या असतात आणि दुपारी उघड्यावरचा बेसॉल्ट पाय भाजेल इतका तापतो, म्हणून ज्येष्ठांसाठी जाड मोजे ठेवा. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत.

शिरोळचा_वाटसरू
हा धागा पुढे कुणी पावसाळ्यात वाचला तर : जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी वाडीच्या दत्तमंदिराची बातमी बघा. तिथे दक्षिणद्वार सोहळा झाला (नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो), म्हणजे कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलंय. पाणी आणखी वाढलं की नदीकाठचे खालचे रस्ते बंद होतात आणि वळसाही उपयोगाचा राहत नाही. अशा वेळी कुरुंदवाडला चौकशी केल्याशिवाय पुढे गाडी घालू नका, पाण्याखालच्या पुलावरून तर अजिबात नाही.