रिओहात जुन्या वाड्यातल्या हॉटेलात राहायचंय, सासऱ्यांना झेपेल का?

मोगरा
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्पेनला निघतोय. नवऱ्याचं बिल्बाओला चार दिवस काम आहे, ते उरकलं की तीन रात्री रिओहा या वाईनच्या द्राक्षांच्या भागात. सोबत सासरे. वय 74, निफाड तालुक्यात साडेतीन एकर बाग, आयुष्यभर थॉमसन, म्हणजे बिनबियांची द्राक्षं केली. त्यांची अट एकच: "मला म्युझियमं दाखवू नका, बागा दाखवा." माळकरी आहेत, त्यामुळे दारू नाही, मांस-मासे-अंडं काहीच नाही. आणि दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलाय.

लाग्वार्दिया गावात, तटबंदीच्या आत, जुन्या वाड्याचं केलेलं एक छोटं हॉटेल मी हेरून ठेवलंय. जेमतेम आठ-दहा खोल्या. फोटो पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. नवरा म्हणतो, लोग्रोन्यो शहरात लिफ्टवालं साधं हॉटेल घे आणि मोकळी हो. तिकडे राहून आलेलं कुणी आहे का?

खरडछाटणी
ताई, आधी मला हे सांगा, ऑक्टोबरात सासरे बाग सोडून निघालेच कसे? ऐन फळछाटणीचे दिवस!

असो. आम्ही दोघं सप्टेंबरअखेर लाग्वार्दियालाच राहून आलो. मुलगा पाम्प्लोनाला शिकतो, त्यानंच ठरवलं होतं. हॉटेल सतराव्या शतकातल्या वाड्यात. दारावर दगडात कोरलेलं घराण्याचं चिन्ह, भिंती हातभर जाड, त्यामुळे खोलीत मोबाईलला रेंज शून्य. बायको खूश होती.

पण तुमचा प्रश्न गुडघ्यांचा आहे, तर सरळ सांगतो. तटाच्या आत गाडी नेता येत नाही. सबंध गावाखाली तळघरं खोदलेली आहेत, शेकडो, गल्ल्यांच्या खालूनसुद्धा. वरून वाहनं गेली तर खालचं कोसळेल म्हणून बंदी. गाडी बाहेर लावायची आणि दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढत न्यायच्या. आमच्या मोठ्या बॅगेचं एक चाक वेशीतच निखळलं. ती बॅग मी पुढे पखालीसारखी खांद्यावर मारली, समोरच्या ओट्यावरचे दोन म्हातारे मनापासून हसत होते. वाड्यात लिफ्ट नव्हती. संकेतस्थळावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. माझं वय 52, मी चढलो. तुम्ही मात्र फोन करून दोनच गोष्टी विचारा: 'आसेन्सोर' म्हणजे लिफ्ट आहे का, आणि तळमजल्यावर खोली मिळेल का. ईमेलला गोडगोड उत्तर येतं, फोनवर खरं कळतं.

तरीही मी लाग्वार्दियाच म्हणेन, कारण सासऱ्यांना बागा बघायच्यात. गाव टेकडीवर, तटाबाहेरून फिरायला चांगली वाट, बाकं आहेत. बाकावर बसलं की खाली चहूकडे वेली, उत्तरेला कांताब्रियाचा डोंगर भिंतीसारखा उभा. तिकडचे थंड वारे तोच अडवतो, म्हणून तर तिथं द्राक्ष पिकतं.

आता खास सासऱ्यांसाठी. जुन्या बागांत तार नाही, अँगल नाही, वाय आकाराचा आधार नाही, मांडव नाही. वेल म्हणजे गुडघाभर उंचीचं खोड, वर चार-पाच आखूड फांद्या, आपली वठलेली बोरीच म्हणा. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपली एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदोन छाटण्यांची पद्धत मी तिथल्या एका शेतकऱ्याला मुलाकरवी सांगितली. त्यानं विचारलं, "मग तुमची वेल झोपते कधी?" झोपत नाही, आम्ही डॉरमेक्स हे औषध लावून उठवतो म्हटलं. बराच वेळ मान हलवत होता.

मुख्य जात तेम्प्रानियो. मणी बारीक, साल जाड, आत बी. थॉमसनच्या माणसाला बिया थुंकताना मजा येईल. आणि एक आकडा त्यांना जरूर सांगा: रिओहाच्या नियमानं काळ्या द्राक्षाला हेक्टरी 6500 किलोच्या वर उत्पादन घेता येत नाही. म्हणजे एकरी साधारण 26 क्विंटल.

इंद्रायणीकाठ
वरच्यांशी मी सहमत नाही. गुडघे दुखत असताना तटातल्या वाड्याचा हट्ट कशाला? जुनंच हवं असेल तर सांतो दोमिंगो दे ला काल्सादाला जा. सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या पदयात्रेच्या वाटेवरचं गाव. अकराव्या शतकात दोमिंगो नावाच्या साधूनं यात्रेकरूंसाठी तिथं रस्ता केला, पूल बांधला, धर्मशाळा उभारली. त्या धर्मशाळेच्या जागी आता सरकारी पारादोर हॉटेल आहे, दगडी कमानींचं दालन अजून तसंच. समोर कॅथेड्रल, आणि आत भिंतीतल्या खुराड्यात खराखुरा जिवंत कोंबडा आणि कोंबडी! फाशी दिलेला यात्रेकरू जिवंत राहिला आणि ताटातला भाजलेला कोंबडा आरवला, अशी त्यामागची आख्यायिका. माझे वडीलही वारकरी, आळंदीहून पंढरपूरला चौदा वेळा पायी गेलेले. पाठीवर पिशवी, हातात काठी घेतलेली ती माणसं दिसल्यावर ते हॉटेलच्या दारातूनच हात जोडत होते. तीन दिवस त्यांना दुसरं काही दाखवावं लागलं नाही.

मोगरा
@खरडछाटणी, दीर बघतायत छाटणी. सासरे रोज व्हिडिओ कॉलवर काड्या तपासणार आहेत, तसं कबूल करून घेतलंय. @इंद्रायणीकाठ, कोंबड्याचं वाचून सासूबाई म्हणाल्या, मग मी पण येते.
जेवणाचं कुणीतरी सांगा हो.

भाजणी_बरोबर_ठेवा
माझं नावच उत्तर आहे. तिथे 'शाकाहारी' म्हटलं की मांस काढतात, पण हॅमला आणि ट्यूनाला मांस समजत नाहीत. साधं मिश्र सॅलड मागवलं तर वर ट्यूना असतो. भाज्यांची 'मेनेस्त्रा' ऐकायला आपली वाटते, बहुतेक वेळा हॅमच्या तुकड्यांवर परतलेली. लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लीत लसणावर परतलेले मश्रूम प्रसिद्ध आहेत, एकावर एक रचून काडीत खोचलेले, पण टोकाला कोळंबी बसवतात. ती आधीच काढायला सांगा, नंतर काढून उपयोग नाही. चालेल ते: भाजलेल्या लाल पिकियो मिरच्या, पांढरा शतावरीचा कोंब, टोमॅटो चोळलेला पाव, तळलेले बटाटे. रात्रीचं स्वयंपाकघर नऊच्या आत सुरू होईल असं धरू नका. त्या वयाच्या माणसाला साडेसातला भूक लागते, तेव्हा खोलीत दशम्या हव्यातच.

आणि बारमध्ये सगळे वाईन घेत असताना त्यांनी अवघडून बसायची गरज नाही. 'मोस्तो' मागा. द्राक्षाचा गोड रस, न आंबवलेला, बहुधा संत्र्याची चकती किंवा ऑलिव्ह घालून देतात. नवरा गाडी चालवणार असेल तर त्यालाही तेच पाजा, रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम ही मर्यादा आहे आणि पोलीस थांबवतात.

मोगरा
फोन केला. लिफ्ट नाही. तळमजल्यावर एकच खोली आहे, खिडकी गल्लीकडे, बाग दिसत नाही. ती सासू-सासऱ्यांसाठी घेतली, आम्ही वर. दोन रात्री लाग्वार्दिया, एक रात्र सांतो दोमिंगो. बॅगा वेशीपर्यंत घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले.

सासऱ्यांना एकरी 26 क्विंटल सांगितलं. चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "आपण शंभराच्या खाली आलो तर रडतो. त्यांचा खर्च निघतो कसा, हे विचारून ठेव."

खरडछाटणी
त्यांनाच विचारू द्या. भावाचा विषय काढला की तिथला बागायतदार आपल्यासारखाच बोलायला लागतो. आमचा तो मान हलवणारा शेतकरी कारखानदार काय दर देतात यावर तासभर बोलला. मुलगा भाषांतर करून दमला. मला अर्धं तसंच कळत होतं.