शांतता करारावर सह्या झाल्या, पुढे बंदुकांचं काय होतं?

चाळीसगाव_अभ्यासिका: भो, आमच्याकडे चार दिवस एकच वाद चालू आहे. करार झाला, मध्यस्थ देश टाळ्या वाजवून घरी गेले. मग हत्यारं काढून कोण घेतं? नेपाळात जमलं, दक्षिण सुदानात का अडलं? गोल गोल नको, नेमकं सांगा.

तापीकाठ: आधी एक दुरुस्ती. नेपाळात करारानंतर हत्यारं कुणी काढून घेतलीच नाहीत, ती सेनेच्या ताब्यात गेली थेट २०१२ मध्ये. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकार आणि बंडखोर माओवादी यांच्यात करार झाला, त्यानंतर माओवादी सैनिक ७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत गेले. हत्यारं नोंद करून कंटेनरमध्ये ठेवली. कुलूप एकच, आणि किल्ली माओवाद्यांकडेच! संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवही आणि कॅमेरा. दार उघडलं की भोंगा वाजणार, दिवा लागणार. आपल्याकडे गोदामातला कापूस तारण ठेवला की कुलूप बँकेचं लागतं, इथं उलट. किल्ली मागितली असती तर ती शरणागती ठरली असती आणि बोलणी तिथंच मोडली असती. नेपाळी सेनेनेही तेवढीच हत्यारं तशीच बंद केली. बाजारातल्या नोट्समध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

सातपुडा_७१: वर बरोबर आहे, पण 'जमलं' म्हणताना जरा थांबा. नोंदणी ३२,२५० जणांची, पडताळणीत टिकले १९,६०२, हत्यारं ३,४७५. माणसं आणि बंदुका यांचा मेळ न बसल्याने संशय शेवटपर्यंत राहिला. सैन्यात किती जणांना घ्यायचं, हा आकडा करारात मोघम सोडला होता. सही लवकर होते ती अशा मोघम शब्दांमुळेच, आणि पोरं वर्षानुवर्षं छावणीत अडकतात तीही त्यामुळेच. संयुक्त राष्ट्रांचं मिशन १५ जानेवारी २०११ ला संपलं तरी हे सुटलं नव्हतं. शेवटी सैन्यात गेले साधारण १,४००. बहुतेकांनी रोख रक्कम घेऊन घर गाठलं.

धुळे_टपाल: दक्षिण सुदानचं दुखणं वेगळं. सरकार आणि बंडखोर यांच्या सप्टेंबर २०१८ च्या करारात एकत्र सरकार बनवायला ८ महिने होते. मग ६ महिने वाढले, मग १०० दिवस. सरकार आलं २२ फेब्रुवारी २०२० ला. दोन्ही बाजूंचं मिळून ८३,००० चं एकत्रित सैन्य ठरलं, पण छावण्यांत धान्य नाही, औषध नाही. माणसं निघून गेली. पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली ऑगस्ट २०२२ मध्ये. २०१८ पासून देशाला बाहेरून शस्त्रं पुरवायला संयुक्त राष्ट्रांची बंदी असल्याने काहींच्या हातात लाकडी बंदुका! त्यात मध्यस्थ म्हणजे शेजारी देशांची संघटना इगॅड, आणि तिच्यातल्याच युगांडाचं सैन्य २०१३ च्या युद्धात सरकारच्या बाजूने उतरलेलं. विरोधक अशा पंचावर कसा विश्वास ठेवील? निवडणूक ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ वर आली आहे, आणि मार्च २०२५ मध्ये विरोधकांचे नेते रिक माचार नजरकैदेत गेले.

चाळीसगाव_अभ्यासिका: तापीकाठ भाऊ, एकच. नेपाळात भोंगा वाजला असता तर?

तापीकाठ: संयुक्त समिती होती. अध्यक्ष संयुक्त राष्ट्रांचा, दोन उपाध्यक्ष: एक सेनेचा, एक माओवाद्यांचा. तक्रार कुणाचीही असो, तिघं एकाच टेबलावर. निरीक्षक नि:शस्त्र होते, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.